अक्कांच्या घराखालचं स्टेशन

गिरण्यांचा संप लांबत गेला तसे माझ्या सासऱ्यांचं बोलणं कमी होत गेलं. आधीही ते फार बोलके नव्हते, पण पाळीवरून आले की दोन-चार गोष्टी सांगायचे. विणायचा साचा बंद पडला, अमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं, असलं काहीतरी. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीसुद्धा. संपाच्या पहिल्या पावसाळ्यापर्यंत ते रोज लालबागला जाऊन येत. गेटवर उभं राहायचं, ओळखीची माणसं भेटायची, घरी यायचं. पुढे तेही बंद झालं. मग ते सकाळी चहा घेऊन बाहेर पडू लागले आणि उन्हं कलल्यावर परतू लागले. कुठे जातात, ते सांगत नसत.

आम्ही असल्फ्याला डोंगराच्या उतारावरच्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, पुढे गॅलरी. मी लग्न होऊन आले त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. माझं माहेर चेंबूरचं. नवरा मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होता, आणि मी साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात कॉइल वाइंडिंगचं काम करायची. तांब्याची बारीक तार बॉबिनवर गुंडाळायची. आम्ही सगळ्या बायकाच होतो, कारण मालकाचं म्हणणं होतं की पुरुषांच्या हातून तार तुटते. संप सुरू झाल्यापासून घर आम्हा दोघांच्या पगारावर चालत होतं. त्याबद्दल अण्णा कधी काही बोलले नाहीत. फक्त जेवताना दुसऱ्यांदा भात घेणं त्यांनी सोडून दिलं होतं.

एका संध्याकाळी सासूबाईंनी मला गॅलरीत बोलावून घेतलं. त्यांना मी आई म्हणायची. त्या मूळच्या कणकवलीकडच्या. इतकी वर्षं मुंबईत काढूनही घरात मालवणीच बोलायच्या.

"तुका काय वास येता की नाय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कसला?"

"ह्यांच्या हाताक. कांद्याचो."

मला काही जाणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देताना जवळ गेले. खरंच येत होता. कांदा आणि लसूण, दोन्ही.

त्या रात्री जेवताना आईंनी सरळच विचारलं, "तुमी रोज खंय जातात?"

"खंय नाय. चालूक जातंय."

"चालून हाताक कांद्याचो वास येता?"

अण्णांनी ताटात हात धुतला आणि ते उठले. आईंनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी मी कामाला निघताना म्हणाल्या, "तू थंयच असतंस ना दिवसभर, साकीनाक्याक. बघ जरा."

बघायला मला फारसं काही करावं लागलं नाही. आमच्या कारखान्यातली एक बाई डबा आणत नसे. मागच्या बाजूला विमानतळाच्या भिंतीच्या अलीकडे एक खाणावळ होती, तिथे जेवायची. ती एकदा बोलता बोलता म्हणाली की तिथे आता एक म्हातारे काका येऊन बसतात, कांदा असा बारीक चिरतात की बघत राहावं. मी दुपारच्या सुट्टीत तिच्याबरोबर गेले.

गल्ल्या-गल्ल्यांतून जावं लागायचं. लेथ मशीनचे आवाज, रंगाच्या फवाऱ्याचा वास, रस्त्यात वाळत घातलेले लोखंडी पाइप. मग एकदम जरा मोकळं होतं. एका लांबलचक दगडी जोत्यावर पत्र्याचं घर उभं होतं, आणि घराच्या दोन्ही अंगांना जोतं तसंच उघडं पुढे गेलेलं. त्या उघड्या भागावर ओळीने बसून कामगार जेवत होते. आणि टोकाला, सावलीत, विळीवर एक पाय दाबून आमचे अण्णा बसले होते. समोर कांद्याचा ढीग.

मी थबकलेच. घरात अण्णांनी पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलून ठेवलेला मी पाहिला नव्हता.

त्यांनी मला पाहिलं. मला वाटलं, ओशाळतील. ते म्हणाले, "ये. जेवलीस?"

"डबा आहे माझा."

"असूदे. बस." मग आत वळून हाक मारली, "अक्का, आमची सून आली आहे."

आतून एक बाई बाहेर आली. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर आडवं गोंदण, पदर खोचलेला. ती म्हणजे अक्का. सगळे कामगार तिला अक्काच म्हणत. तिने मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "दादा, सून लई बारीक हाय तुमची. जेवायला घालत न्हाई का घरी?" आणि माझ्यासमोर ताट ठेवलंच. ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण, वर कांदा.

मी जेवत असताना अण्णा कांदा चिरत होते. मी शेवटी विचारलं, "अण्णा, हे काय आहे?"

"हे?" त्यांनी हाताने जोत्याचा दगड थोपटला. मला खाणावळीबद्दल विचारायचं होतं, त्यांनी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलं. "हे स्टेशन आहे."

मला वाटलं, संपाचा परिणाम डोक्यावर व्हायला लागला. घाटकोपर स्टेशन तिथून बसने जायचं अंतर, अंधेरी तर त्याहून लांब. आजूबाजूला रुळाचा तुकडा नाही.

"कसलं स्टेशन?"

"लहान गाडीचं. अंधेरीहून निघायची, कुर्ल्यावरून तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, जायची. तुझ्या चेंबूरजवळून."

चेंबूरमध्ये माझा जन्म गेला होता. तुर्भ्याला जायला बस असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. रेल्वेबद्दल कुणाच्या तोंडून अवाक्षर ऐकलं नव्हतं. पण अण्णा सांगत गेले, आणि मला जाणवलं की गेल्या कित्येक महिन्यांत इतकं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. साष्टीत, म्हणजे उपनगरांच्या या सगळ्या बेटावर, तेव्हा भातशेती, ताडाची झाडं आणि मधेमधे गावठाणं. एकच रूळ टाकून ही गाडी सुरू केली होती. कागदोपत्री तिला ट्रामवे म्हणायचे, पण ओढायला इंजिन होतं. इथे माणसं राहायला येतील, घरं वाढतील, असा हिशेब असावा. तो जमला नाही. माणसं यायची होती ती आणखी कित्येक वर्षांनी. अण्णांचे वडील कोकणातून आले आणि त्यांना या गाडीवर काम लागलं. लहानसं स्टेशन. तिकीट द्यायला एक बाबू, बाकी सगळं करायला एक माणूस. झाडायचं, पाणी भरायचं, संध्याकाळी दिवे लावायचे, गाडीला निशाण दाखवायचं. तो एक माणूस म्हणजे अण्णांचे वडील. स्टेशनच्या मागे पत्र्याची एक खोली होती. अण्णा तिथेच लहानाचे मोठे झाले, म्हणजे पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत. मग गाडी बंद पडली, वडील गिरणीत लागले, बिऱ्हाड परळच्या चाळीत गेलं. पुढे विमानतळ आला, कारखाने आले, आणि रूळ होते ती जागा कुणाच्या लक्षात राहिली नाही.

"स्टेशनचं नाव काय होतं?"

"पाटी होती. पण मी तेव्हा शाळेत कुठे जायचो? आणि बाबाला इंग्रजी येत नव्हतं. आम्ही स्टेशनच म्हणायचो."

आता घाटकोपरहून अंधेरीकडे मेट्रो जाते, असल्फ्याला आमच्या डोळ्यांसमोर स्टेशन झालं. त्या वेळी हे सगळं ऐकताना मात्र मला त्या विमानतळाच्या भिंतीसमोर एक इंजिन धापा टाकत उभं आहे अशी कल्पनाच करता येत नव्हती.

"पण तुम्ही ओळखलंत कसं?"

"क्रुसावरून. गावठाणाच्या कोपऱ्यावर पांढरा क्रूस आहे ना, तो स्टेशनातून दिसायचा. तो सापडला, मग त्याच्या भोवती फिरत राहिलो. बरेच दिवस लागले. एक दिवस पाणी प्यायला इथे थांबलो आणि खाली बघितलं. हे दगड बघ, घडीव आहेत. आणि तिकडच्या टोकाला उतार आहे. फलाटाचा उतार."

अक्का आतून म्हणाल्या, "त्या उतारानं माझा जीव खाल्लाय. त्या कोपऱ्यात काहीबी ठेवा, कलतंय. मला काय ठाऊक फलाट हाय ते. मी म्हटलं, कुणाचं तरी जळकं गोदाम असंल."

अक्का नगर जिल्ह्यातून दुष्काळात आलेल्या. नवरा खदानीत दगड फोडायला होता, तिथेच गेला. पावसात इथली सगळी वस्ती गुडघाभर पाण्यात जायची, तेवढं एक जोतं कोरडं राहायचं, म्हणून त्यांनी तिथे घर बांधलं. मुलगी लग्न होऊन कल्याणला गेली होती. त्या एकट्या पहाटेपासून राबून कामगारांना जेवू घालत. अण्णा पहिल्या दिवशी पाणी पिऊन बसले ते बसूनच राहिले, तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "नुसतं बसायचं असंल तर कांदा चिरा." त्यांनी चिरला.

निघताना मी विचारलं, "घरी का नाही सांगितलंत?"

त्यांनी विळी पुसून आडवी ठेवली. "घरी, चाळीत, जो भेटेल तो गिरणीचंच विचारतो. इथे कोण विचारत नाही."

संध्याकाळी मी आईंना सगळं सांगितलं. त्यांनी तांदूळ निवडत ऐकलं. स्टेशनचं ऐकून त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या सासऱ्यांनी रेल्वेत काम केलं होतं हे त्यांना माहीत होतं, कुठे ते कधी विचारलं नव्हतं. त्यांचं मन दुसरीकडेच अडकलं.

"घरात कधी कांदो कापल्यानी नाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "बाई खंयची?"

"नगरकडची."

"म्हणजे?"

त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. अक्कांच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती आणि तिच्या शेजारी बुद्धाची. मी सांगितलं, "बौद्ध आहेत."

आई तांदूळ निवडत राहिल्या. "जेवतत थंय?"

"हो. मी पण जेवले."

पुढचे काही दिवस घर अवघडलेलं होतं. आई भांडल्या नाहीत, टाकून बोलल्या नाहीत. अण्णांचं ताट वाढून त्यांच्यापुढे सरकवायच्या आणि आत जायच्या. मला त्यांनी काही म्हटलं नाही, पण माझ्या हातचा चहा दोन दिवस त्यांना नको होता. पोट बरं नाही म्हणाल्या. नवऱ्याला मी सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांचं ते बघतील. तू मधे पडू नकोस." अण्णा एकदाच म्हणाले, "तू ये एकदा, बघून जा." आई म्हणाल्या, "मी कित्याक?" तिथेच ते संपलं.

मग एक दिवस अण्णा सकाळी गेले आणि दोन-अडीच तासांतच परत आले. मला त्या दिवशी बरं नव्हतं म्हणून मी घरीच होते. ते दारात चपला न काढता उभे राहिले. अक्कांच्या हातावर वरणाचं पातेलं सांडलं होतं. घाईघाईत त्याच उताराच्या कोपऱ्यात ठेवलं, ते कलंडलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात नेऊन मलमपट्टी करून आणली होती, पण दुपारी जेवायला सगळे येणार होते आणि भाकऱ्या व्हायच्या होत्या.

हे सगळं त्यांनी भिंतीकडे बघून सांगितलं. मग आईंकडे पाहून म्हणाले, "माका भाकरी करूक येणा नाय."

मी या घरात आल्यापासून अण्णांनी आईंकडे काही मागितलंय असं पाहिलं नव्हतं. सगळं न मागताच मिळायचं. आई स्टोव्हवर दूध तापवत होत्या. दूध वर येईपर्यंत त्या तिथेच थांबल्या. मग स्टोव्ह बंद केला, पातेल्यावर ताटली ठेवली, दुसरं लुगडं नेसल्या आणि मला म्हणाल्या, "तुका चालवत असला तर चल."

आम्ही तिघंही चालत गेलो. अण्णा पुढे, आम्ही दोघी मागे. उन्ह चढत होतं.

अक्का दारातच खाटेवर बसल्या होत्या. हात बँडेजमध्ये, चेहरा ओढलेला. त्यांनी आईंना पाहिलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी मधे काहीतरी बोलणार तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "पाणी द्यायला सांगू का, का घरून पिऊन आलायसा?"

प्रश्न पाण्याचा नव्हता, हे तिथे सगळ्यांना कळलं. अण्णा खाली दगडाकडे बघत होते.

आईंनी पदराने कपाळ पुसलं. "उन्हातून चालत इलंय," त्या म्हणाल्या. "द्या."

मी माठातून पाणी काढून दिलं. आई उभ्यानेच प्यायल्या, सगळं. पेला माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुमचो तवो खंय आसा?"

पुढचा तास फजितीचा होता. आईंच्या हाताला तांदळाच्या पिठाची सवय. ज्वारीच्या पिठाला त्या उकड काढायला निघाल्या तेव्हा अक्का खाटेवरून ओरडल्या, "ओ बाई, काय करताय, ते पीठ हाय का मोदक." पहिल्या भाकऱ्या तव्यावर जाता जाता मोडल्या. अक्का सांगत होत्या, पाणी बेताबेताने घ्या, तळहाताने मळा, फिरवत थापा. आई ऐकत होत्या आणि मधेच पुटपुटत होत्या की असली भाकरी माणसं खातात तरी कशी. मी कालवण ढवळत होते. दुपारी कामगार आले. भाकऱ्या कडेला फाटलेल्या होत्या, जाडही होत्या, पण कुणी तक्रार केली नाही. एक जण म्हणाला, "अक्का, आज भाकरीचा नकाशा झालाय." अक्का म्हणाल्या, "गप जेव." आईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या.

अक्कांचा हात बरा व्हायला बराच वेळ लागला. आई रोज गेल्या. हात बरा झाला तरी गेल्या. कुणी कुणाला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. हळूहळू आठवड्यातून दोनदा आईंच्या हातचं बांगड्याचं तिखलं, म्हणजे मालवणी तिखट कालवण, होऊ लागलं आणि त्या दिवशी जोत्यावर बसायला जागा पुरत नसे. अक्का आधी नाक मुरडायच्या की नारळ किती घालता, ते काय कालवण हाय का खीर. मग स्वतःच वाटून द्यायला लागल्या. महिन्याच्या शेवटी दोघी पैसे निम्मे-निम्मे करत.

त्या खाणावळीला नाव नव्हतं. अण्णा जेवायला येणाऱ्यांना स्टेशनची गोष्ट सांगायचे, त्यावरून पोरांनी चेष्टेने तिला टेशन म्हणायला सुरुवात केली. "चल, टेशनवर जेवू." विश्वास मात्र कुणाचा नव्हता. एक वेल्डर होता, तो अण्णांना रोज छेडायचा. "काका, आज गाडी लेट आहे का? काका, अंधेरीचं एक रिटर्न द्या ना." अण्णा चिडत नसत. पण एकदा तो म्हणाला, "काका, खरं सांगा यार, थाप आहे ना ही?" तेव्हा अण्णा विळी घेऊन आत जाऊन बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खरकटं न्यायला येणारी एक म्हातारी बोलली.

ती जवळच्या गावठाणातली, ख्रिस्ती. गुडघ्यापर्यंतचं लाल चौकड्यांचं लुगडं, कानात जड सोन्याचे दागिने, कमरेत वाकलेली. तिच्याकडे डुकरं होती, त्यांच्यासाठी ती दुपारी जेवणं आटोपल्यावर उष्टं-खरकटं न्यायला बादली घेऊन यायची. बादली भरायची आणि जायची. फार बोलायची नाही, ऐकूही कमी यायचं. त्या दिवशी ती लवकर आली. आमच्या कारखान्याची वीज गेली होती, म्हणून मीही तिथे होते. वेल्डर हात धुता धुता मोठ्याने म्हणाला, "ए बाजूला व्हा, गाडी येतेय, काकांची गाडी."

म्हातारीने बादली खाली ठेवली. "ती आता कशाला येते," ती म्हणाली. "ती गेली."

"कोण गेली?" वेल्डरने विचारलं.

"गाडी. मी बसलेय ना तिच्यात. लग्नाला गेलेलो तुर्भ्याला. सगळी वरात."

जोत्यावरचे सगळे तिच्याकडे वळले. अण्णा विळीवरून उठले. त्यांनी तिच्याजवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "इथूनच बसलात?"

"मग कुठून? इथे दिवेवाला होता एक. भला माणूस. गाडीला उशीर झाला तर बायकांना उन्हात उभं ठेवायचा नाही. बाबूची खोली उघडून द्यायचा, बसा म्हणायचा. बाबू ओरडायचा त्याला." ती आठवत आठवत बोलत होती. "एक पोर असायचं त्याच्या पाठी. शेंबडं."

कुणी हसलं नाही.

"गाडी बंद झाली तरी तो झाडत होता," म्हातारी म्हणाली. "रोज सकाळी झाडायचा. दिवेपण लावायचा. गाडी नाही, माणूस नाही. आम्ही पोरी हसायचो त्याला."

अण्णा तिच्यासमोर जोत्याच्या काठावर बसले. आई आतून बाहेर आल्या होत्या, हाताला पीठ तसंच. अण्णा कुणाकडे न बघता बोलू लागले. आम्हाला सांगत होते, की म्हातारीला, ते कळत नव्हतं.

"त्याला कोणी बंद कर म्हणून सांगितलंच नव्हतं. बाबू आधीच निघून गेला. बाबा म्हणायचा, हुकूम येईल तेव्हा बघू. मी त्याच्याबरोबर झाडायचो. दिव्याचं तेल संपलं, मग काचा नुसत्या पुसायचो. मग एक दिवस माणसं आली, रूळ उचलायला. त्यांना हात कमी पडत होते. मुकादमाने बाबाला विचारलं, येतोस का. बाबा गेला. आम्ही दोघं मिळून जिथे निशाण दाखवायचो, तिथलेच रूळ त्याने उपटले. सगळे उचलून होईपर्यंत त्या कामावर होता. घरात तेवढंच उत्पन्न होतं."

मग म्हणाले, "मला त्याचा फार राग आला होता. मी दगड मारला होता त्याला. त्याने काही म्हटलं नाही."

म्हातारीला यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. ती त्यांच्याकडे निरखून बघत होती. मग म्हणाली, "तू ते पोर काय?"

"हो."

तिने मान हलवली, बादली उचलली. "मोठा झालास," म्हणाली आणि खरकटं भरून घ्यायला आत गेली.

वेल्डरने त्या दिवशी अण्णांचं कांद्याचं टोपलं उचलून आत नेऊन ठेवलं. तो पुढेही चेष्टा करायचा, पण वेगळ्या तऱ्हेने. नवा कुणी जेवायला आला की हाच त्याला स्टेशनची गोष्ट सांगायचा, आणि अण्णांनी सांगितली नव्हती अशी भर घालायचा.

आईंनी त्या संध्याकाळी घरी परतताना अण्णांच्या बरोबरीने चालायला सुरुवात केली. एरवी त्या मागे असत. मी थोडं अंतर ठेवलं. त्या काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. अण्णांचा आवाज मधूनमधून येत होता.

पुढे काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या. अण्णांच्या खात्यातला एक जॉबर, म्हणजे कामावर माणसं लावणारा, एके दिवशी घरी आला. म्हणाला, माणसं घेतायत, सगळी नाही, पण तुमचं नाव मी सांगतो. गॅलरीत बसून दोघांनी चहा घेतला. मी आत होते. अण्णा बराच वेळ गिरणीतल्या माणसांची चौकशी करत होते, कोण कुठे आहे, कोण गावी गेलं. मग म्हणाले, "माझ्या जागी एखाद्या तरुणाला घ्या. माझं आता दुसरीकडे चालू आहे."

"कुठे?" जॉबरने विचारलं.

"स्टेशनवर," अण्णा म्हणाले.

जॉबर निघताना मला जिन्यात म्हणाला, "या वयात रेल्वेत घेतलं? वशिला असणार." मी त्याला काही समजावत बसले नाही.

ते जोतं ऐंशीचं दशक संपायच्या आत गेलं. जमिनीचा मालक कोणीतरी निघाला आणि तिथे कारखान्यांच्या गाळ्यांची तीन मजली इमारत उभी राहिली. अक्कांना अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या मागे एक खोली मिळाली, थोडी भांडून, थोडी वेल्डरच्या ओळखीने. खाणावळ तिकडे गेली, टेशन हे नावही तिकडे गेलं. दगड उपटत होते तेव्हा मी अण्णांना विचारलं होतं, बघायला जायचं का. ते म्हणाले, "एकदा बघितलंय." आणि नव्या जागेत मोरीला उतार नीट मिळाला आहे की नाही हे पाहायला गवंड्याकडे गेले.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात आईंनी अक्कांना गावी नेलं. खाणावळ दहा दिवस बंद ठेवली. मीही होते, माझी मुलगी तेव्हा मांडीवर होती. अक्का निघायला कुरकुरत होत्या. मला एकांतात म्हणाल्या, "तिथं मला कुठं बसवतील, ते तुला ठाऊक हाय का?" मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं.

आईंच्या माहेरी मोठं एकत्र कुटुंब. आम्ही पोचलो त्या दुपारी ओसरीवर सगळे जमले. आईंच्या थोरल्या वहिनींनी अक्कांकडे बघून विचारलं, "ही कोण गो?"

आईंनी पिशवी खाली ठेवली. "माझी पार्टनर," त्या म्हणाल्या. "आमची मुंबैत खानावळ आसा."

वहिनींना तो शब्द कळला की नाही ठाऊक नाही. त्यांनी पुढे विचारलं, आडनाव काय. अक्कांनी सांगितलं. ओसरीवरच्या एक-दोघी उठून आत गेल्या. मग आई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, की प्रवासाने जीव गेलाय, आधी जेवायला वाढा, मी आणि ही एकत्रच बसतो. जेवताना दोघी शेजारी-शेजारी बसल्या. त्या घरातल्या दोन बायका त्या दिवशी पंगतीला आल्या नाहीत, डोकं दुखतं म्हणून. बाकीच्या आल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत थोरल्या वहिनी अक्कांकडून ज्वारीची भाकरी शिकत होत्या, कारण कुणाला तरी मधुमेह होता आणि वैद्याने भात बंद केला होता. चौथ्या दिवशी अक्का फणसाचे गरे काढताना तेल न लावता बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात चिकाने भरले. सगळं घर त्यांना हसलं, त्याही हसल्या.

परतीच्या एसटीत अक्का आमच्या दोघींच्या मधे बसल्या होत्या, मांडीवर काजूची पिशवी. मी विचारलं, "कसं वाटलं गाव?"

"चांगलंय," त्या म्हणाल्या. "चढ-उतार लई." मग पलीकडे खिडकीशी डुलक्या घेणाऱ्या आईंचा पदर खिडकीतून बाहेर उडत होता, तो त्यांनी आत ओढला, त्यांच्या खांद्याखाली नीट दाबला आणि डोळे मिटले.